सुन त्झूची युद्धनीती धंद्यात आणि टीम सांभाळताना खरंच कामाला येते का?

टर्निंगवाला | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय.

भोसरीला एका छोट्या कारखान्यात मी प्रॉडक्शन बघतो. सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर) टर्निंगची कामं, बेचाळीस माणसं, दोन पाळ्या. आमचा सगळ्यात चालणारा जॉब म्हणजे स्टीलचा एक बुश (छोटी पोकळ नळी), त्याला आडवं भोक. गेली सहा वर्षं तो आम्हीच देतोय. दोन महिन्यांपूर्वी चाकणच्या एका नव्या कारखान्यानं तोच बुश नगाला दीड रुपया कमी दरानं द्यायची तयारी दाखवली आणि गिऱ्हाइकानं आम्हाला बोलावून घेतलं.

आमच्या मालकांचा मुलगा नुकताच एका शिबिराला जाऊन आलाय. तिथे सुन त्झू या प्राचीन चिनी सेनापतीचं युद्धशास्त्र शिकवलं म्हणे. तेव्हापासून ऑफिसातल्या फळ्यावर 'शत्रू', 'मोर्चा', 'कोंडी' असे शब्द दिसायला लागलेत. त्याचं म्हणणं, आपण सरळ दोन रुपये तोडायचे, तोटा सोसायचा आणि समोरच्याला सहा महिन्यांत संपवायचं. पोरगा हुशार आहे, कष्टाळू आहे, मला त्याच्याबद्दल माया आहे. त्यानंच ते पुस्तक मला वाचायला दिलं. तेरा छोटी प्रकरणं, दोन रात्रींत संपलं. पण 'तोटा सोसून लढा' असं मला त्यात कुठेच सापडलं नाही. उलट लढाई जितकी टाळता येईल तितकी टाळा, असंच तो माणूस पानोपानी सांगतोय असं वाटलं.

माझं वाचन चुकतंय का? आणि या चिनी सेनापतींचं ऐकून तुमच्यापैकी कुणी धंद्यात, टीममध्ये, स्पर्धेत काही करून पाहिलंय का? महिनाअखेरीला दर कळवायचा आहे, म्हणून मनापासून विचारतोय.

मोरपिशी | सोमवार, रात्री ११:०५

वाचतेय. सुन त्झूनं नऊ प्रकारच्या भूमी सांगितल्यात, त्या नऊच्या नऊ आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडतात. :)

गोदाकाठ | सोमवार, रात्री ११:५०

दादा, तुमचं वाचन अगदी बरोबर आहे. मूळ चिनीत हे पुस्तक जेमतेम सहा हजार अक्षरांचं, आणि त्यातलं दुसरं प्रकरण जवळजवळ सगळं खर्चावर आहे. एक लाखाची फौज बाहेर काढायची तर रोजचं हजार सुवर्ण लागतं, असा हिशेब मांडलाय. रथ, चिलखतं, दूतांची सरबराई, हजार ली (चिनी अंतराचं माप) लांब धान्य पोचवणं, इथपासून ते थेट सरस आणि लाखेपर्यंत. शिबिरांत वाघ, तलवारी, घोडे यांची चित्रं दाखवतात, पण मला या पुस्तकातला सरस जास्त बोलका वाटतो. जो सेनापती लढाईच्या खर्चात सरसाचे पैसे धरतो, तो 'सहा महिने तोटा सोसा' असं सांगणार नाही. त्यानं स्वच्छ लिहून ठेवलंय की लांबलेल्या लढाईनं कुठल्या राज्याचं भलं झालंय असं आजवर दिसलेलं नाही.

तिसऱ्या प्रकरणात त्यानं उतरंड लावून दिलीय. सर्वांत उत्तम म्हणजे शत्रूचा बेतच मोडणं, मग त्याच्या युती तोडणं, मग मैदानात फौजेशी भिडणं, आणि दुसरा इलाजच उरला नाही तर तटबंदीच्या शहराला वेढा. वेढ्याच्या ढाली नि गाडे तयार करायला तीन महिने, मातीचे उंचवटे रचायला आणखी तीन. तेवढ्यात सेनापतीचा धीर सुटतो, तो माणसं मुंग्यांसारखी तटावर चढवतो, तिसरा हिस्सा मरतो आणि शहर तिथल्या तिथे. दर तोडून समोरच्याला संपवणं म्हणजे हा वेढा. तुमच्या धाकट्या मालकांना हेच पान उघडून द्या.

आणखी एक. 'मित्र जवळ ठेवा, शत्रू त्याहून जवळ ठेवा' हे वाक्य त्याच्या नावावर सर्रास फिरतं. ते या पुस्तकात नाही, एका अमेरिकन चित्रपटातलं आहे. आणि 'शत्रूला ओळखा, स्वतःला ओळखा' हे आहे, पण त्यापुढे 'शंभर विजय' असं नाहीये. 'शंभर लढायांतही धोका नाही', एवढंच तो म्हणतो. फरक मोठा आहे.

रोखठोक | मंगळवार, सकाळी ८:१५

माझं मत वेगळं आहे आणि ते नीट मांडतो.

युद्धात दोन बाजू असतात. धंद्यात तीन. तिसरा तो गिऱ्हाईक, आणि निकाल तोच देतो. सुन त्झूच्या तेरा प्रकरणांत राजा आहे, सेनापती आहे, शिपाई आहे, शत्रू आहे, हेर आहेत, पण खिशात हात घालून 'मला काय मिळणार?' असं विचारणारा माणूस कुठेच नाही. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, एकवीस वर्षं झाली. समोरच्या दुकानदाराकडे बघत बसलो ती तीन वर्षं माझी फुकट गेली. त्यानं रंग ठेवला म्हणून मी रंग ठेवला, त्यानं प्लायवूड ठेवलं म्हणून मी ठेवलं. माझ्याकडे येणारे प्लंबर नक्की कशासाठी येतात हे विचारायचं त्या नादात राहूनच गेलं. ते येत होते ते मी सकाळी सातला शटर उघडतो म्हणून. बाकी दुकानं दहाला उघडतात आणि तोवर त्यांचा अर्धा दिवस गेलेला असतो.

तेव्हा टर्निंगवाले, पुस्तक चांगलंच असेल, पण फळ्यावर 'शत्रू' लिहिलं की डोळे चुकीच्या माणसाकडे वळतात.

मोरपिशी | मंगळवार, सकाळी ८:३२

सातला शटर या मुद्द्याला जोरदार अनुमोदन.

सूचौकर | मंगळवार, दुपारी १:२०

या धाग्यावर लिहायलाच हवं, कारण मी त्याच गावात राहतो. चीनमधलं सूचौ म्हणजे जुन्या वू राज्याची राजधानी, आणि सुन त्झू या वू राज्याच्या हेल्यू राजाच्या पदरी होता असं परंपरा सांगते. असा माणूस खरोखर होऊन गेला का, यावर विद्वानांत वाद आहे. पण गावानं मात्र त्याला केव्हाच आपलं मानलंय. इथे 'वाघाची टेकडी' म्हणून जागा आहे, वर कललेला विटांचा पॅगोडा, खाली खडकांच्या कपारीत हिरव्या पाण्याचं अरुंद कुंड. त्या कुंडाखाली हेल्यूचं थडगं आहे असं म्हणतात.

सिमा छ्येन या इतिहासकाराची गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल. राजानं परीक्षा म्हणून जनानखान्यातल्या एकशे ऐंशी स्त्रियांना कवायत शिकवायला सांगितलं. सुन त्झूनं दोन तुकड्या केल्या, राजाच्या दोन लाडक्यांना नायिका नेमलं. हुकूम दिला, सगळ्या हसल्या. तो म्हणाला, हुकूम स्पष्ट नसेल तर दोष सेनापतीचा. पुन्हा नीट समजावून सांगितलं, पुन्हा हसल्या. आता हुकूम स्पष्ट आहे, तेव्हा दोष नायकांचा, असं म्हणून त्यानं राजाची विनवणी न जुमानता दोघींची डोकी उडवली. शिबिरांत ही गोष्ट 'शिस्त कशी लावावी' म्हणून सांगतात. मला ती क्रूर वाटते आणि त्या दोघींसाठी वाईट वाटतं. घेण्यासारखं त्यात एकच आहे: पहिल्यांदा काम बिघडलं तेव्हा त्यानं दोष स्वतःकडे घेतला.

आता पुढचं कुणी सांगत नाही ते सांगतो. इ.स.पू. ५०६ मध्ये वूच्या फौजेनं छू या बलाढ्य राज्याची राजधानी घेतली. केवढा विजय! आणि इ.स.पू. ४७३ मध्ये वू राज्यच नकाशावरून गेलं. शेजारच्या यूएच्या कोउच्येन राजाला हेल्यूच्या मुलानं, फूछायनं, हरवून सोडून दिलं होतं. तो कोउच्येन वर्षानुवर्षं कडू पित्त चाटून अपमान जागा ठेवत राहिला आणि शेवटी त्यानं वू बुडवलं. फूछायच्या नावाची काशाची तलवार आमच्या सूचौच्या संग्रहालयात आहे. कोउच्येनची १९६५ साली हूपेई प्रांतात एका थडग्यात सापडली, ती वूहानला आहे. दोन्ही पाहिल्यात. ज्या राजानं सुन त्झूला पदरी ठेवलं त्याचं राज्य पुढच्या पिढीतच बुडालं, हे त्या तलवारीपुढे उभं राहिलं की फार जाणवतं.

साताऱ्याचा_फौजी | मंगळवार, रात्री ९:१०

मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. पुस्तक पलटणीच्या वाचनालयात वाचलं होतं. नेतृत्वावर त्यात फार मोलाचं लिहिलंय आणि ते शिबिरवाले सोडून देतात, म्हणून लिहितो.

नवव्या प्रकरणात एक वाक्य आहे. शिपायांचा तुमच्यावर जीव जडण्याआधी शिक्षा केलीत तर ते मनानं ऐकणार नाहीत. जीव जडल्यावर शिक्षा केलीच नाहीत तर ते कामाचे राहणार नाहीत. याच्यापुढे मला नोकरीत कुणी काही शिकवू शकलं नाही. नवा अधिकारी यायचा, पहिल्या आठवड्यात कडक व्हायचा, आणि पोरं सलाम ठोकून मनातून बंद व्हायची. उंचावरच्या चौकीवर आमचे एक साहेब होते. केरोसिनच्या शेगडीवर डाळ शिजायला तास दीड तास लागायचा. साहेब ताट घेऊन सगळ्यांत शेवटी यायचे, डाळ संपलेली असली तर चहात पुरी बुडवून खायचे, बोलायचे काही नाहीत. त्याच साहेबांनी पहाऱ्यावर झोपलेल्या पोराला अशी शिक्षा दिली की आजही आठवते, आणि त्या पोरानं एकदाही कुरकुर केली नाही.

त्याच प्रकरणात शत्रूच्या गोटाकडे बघून काय ओळखायचं याची यादी आहे. पक्षी एकदम उडाले तर खाली दबा. शिपाई भाल्यावर रेलून उभे असतील तर उपाशी. पाणी आणायला गेलेला आधी स्वतः पिऊ लागला तर फौज तहानलेली. आणि वारंवार बक्षिसं वाटणारा सेनापती कोंडीत सापडलाय, वारंवार शिक्षा करणाराही तसाच. टर्निंगवाले, ही यादी चाकणच्या कारखान्याला लावायच्या आधी एकदा तुमच्या स्वतःच्या शॉपफ्लोअरला लावून बघा. तुमचे सेटर (मशीन लावून देणारे कारागीर) कशावर रेलून उभे आहेत?

मीनाक्षी_ताई | बुधवार, सायंकाळी ६:००

मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे, टेबल टेनिस शिकवते. अनुभव मागितलात म्हणून सांगते, हा अनुभव मला आजही बोचतो.

सुन त्झूच्या घराण्यातला मानला जाणारा सुन बिन, इ.स.पू. चौथ्या शतकातला. त्याची घोड्यांच्या शर्यतीची गोष्ट आहे. छी राज्याचा सेनापती 'थ्येन ची' हा पैज लावून शर्यती खेळायचा. प्रत्येकाचे तीन घोडे, उत्तम, मध्यम, साधा. सुन बिन म्हणाला, तुमचा साधा घोडा त्यांच्या उत्तमासमोर सोडा, उत्तम त्यांच्या मध्यमासमोर आणि मध्यम त्यांच्या साध्यासमोर. एक शर्यत हरली, दोन जिंकल्या.

आंतरशालेय स्पर्धेत तीन एकेरी सामने होते आणि खेळाडूंचा क्रम चिठ्ठीवर लिहून द्यायचा होता. समोरच्या शाळेचे सर नेहमी सर्वांत चांगल्या मुलीला पहिली पाठवत. हे मी तीन वर्षं पाहिलं होतं. मी आमची सर्वांत कच्ची मुलगी पहिली टाकली. ती अकरा-दोन, अकरा-तीन, अकरा-एक अशी हरली. पुढचे दोन्ही सामने आम्ही जिंकलो, ढाल घेतली.

परत येताना बसमध्ये सगळ्या गात होत्या आणि ती खिडकीशी बसून बॅटचं रबर नखानं सोलत होती. तिला कळलं होतं. मी तिला आधी काही सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर ती घाबरली असती असं मला वाटलं. पुढच्या आठवड्यात तिनं खेळ सोडला.

घोड्याला कळत नाही आपण कशासाठी पळतोय. मुलीला कळतं. आता मी असा क्रम लावायचा असेल तर आदल्या दिवशी त्या मुलीला शेजारी बसवून चिठ्ठी तिच्याच हातानं लिहून घेते. दोनदा मुली 'नको' म्हणाल्या, तेव्हा क्रम बदलला. एकदा एक म्हणाली, 'बाई, मी तिला पाच गेम खेळायला लावते बघा.' खरंच पाच लावले तिनं. हरली, पण सगळ्या शाळेनं तिला उचलून घेतलं.

साताऱ्याचा_फौजी | बुधवार, सायंकाळी ७:४५

ताई, सलाम.

रानवाट | बुधवार, रात्री १०:२०

आपल्याकडे छत्रपतींचा गनिमी कावा असताना चीनपर्यंत कशाला जायचं? सगळं तेच तर आहे, कमकुवत जागी मारा, वेग, भूगोल.

गोदाकाठ | बुधवार, रात्री ११:०५

रानवाट, साम्य जरूर आहे, पण महाराजांनी हे चिनी पुस्तक पाहिलं असण्याचं काहीच कारण नाही. युरोपातसुद्धा ते पहिल्यांदा १७७२ साली पोचलं, आमियो नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याच्या भाषांतरातून. आपल्या परंपरेशी ताडून बघायचं तर कौटिल्याचं अर्थशास्त्र घ्या. र. पं. कंगल्यांनी मुंबई विद्यापीठासाठी त्याची चिकित्सक आवृत्ती केली, तो आपल्या माणसाचा केवढा मोठा उद्योग! हेरांवर कौटिल्य सुन त्झूपेक्षा कितीतरी तपशिलात लिहितो. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. इथे टर्निंगवाल्यांचा बुश राहून जाईल.

फिरतीवर | गुरुवार, सकाळी ७:३०

हेरांचा विषय निघालाच आहे तर माझंही सांगतो. मी विक्रीत आहे, अठरा वर्षं.

एका जुन्या नोकरीत आमचे साहेब सुन त्झूचं तेरावं प्रकरण पाठ म्हणून दाखवायचे. पाच प्रकारचे हेर: तिथले रहिवासी, तिथले अधिकारी, शत्रूचेच फोडलेले, खोटी बातमी देऊन बळी जाणारे आणि परत येऊन सांगणारे. एके दिवशी त्यांनी आमच्यातल्या एका नव्या पोराला गिऱ्हाईक बनून प्रतिस्पर्ध्याकडे कोटेशन आणायला पाठवलं. खोटं नाव, खोटं व्हिजिटिंग कार्ड. पोरगा घेऊन आला. आम्हाला ती ऑर्डर मिळाली. पण त्या दिवसापासून ऑफिसात कुणी कुणासमोर फोनवर मोकळेपणानं बोलेना. जो माणूस बाहेर खोटं कार्ड छापतो तो आपल्यावरही कुणाला तरी नेमत असेल, एवढं प्रत्येकाला कळत होतं. वर्षभरात नऊपैकी सहा जण सोडून गेले, त्यात मी एक.

त्याच प्रकरणातलं मला पटलेलं वाक्य वेगळं आहे. आधी कळायला हवं ते देवा-भुतांकडून, शकुनांवरून किंवा नुसत्या हिशेबावरून कळत नाही, माणसांकडूनच कळतं. त्यासाठी खोटं कार्ड लागत नाही. गिऱ्हाइकाच्या स्टोअरमध्ये पाव तास बसलं आणि तिथल्या माणसाला 'काय त्रास होतो?' असं खरंखुरं विचारलं तरी पुरतं. रोखठोक म्हणतात त्याच्याशी हे जुळतंय बघा.

रोखठोक | गुरुवार, सकाळी ९:००

जुळतंय. या एका वाक्यासाठी मी पुस्तक विकत घेईन.

सूचौकर | शुक्रवार, दुपारी १२:५०

टर्निंगवाल्यांच्या धाकट्या मालकांसाठी एक गोष्ट. आमच्या कारखान्यात मीटिंगमध्ये कुणी फार आराखडे काढायला लागला की आमचे जुने फोरमन चार अक्षरांची म्हण टाकतात. अर्थ असा: 'कागदावर युद्धाच्या गप्पा'. ती म्हण ज्याच्यावरून आली म्हणतात तो चाओ ख्वो.

इ.स.पू. २६०. छिन आणि चाओ ही दोन राज्यं छांगफिंगला समोरासमोर होती. चाओचा म्हातारा सेनापती ल्येन फो भिंती बांधून आत बसला होता, बाहेर येईना. छिनचं धान्य लांबून येत होतं, त्याला हीच गोष्ट नको होती. म्हणून छिननं पैसे पेरून अफवा उठवली की आम्हाला ल्येन फोची भीती नाही, तरुण चाओ ख्वो सेनापती झाला तरच आमचं कठीण. राजाला ते खरं वाटलं.

चाओ ख्वोला युद्धावरची पुस्तकं लहानपणापासून तोंडपाठ. वादात तो आपल्या सेनापती बापालाही हरवायचा. बाप मात्र म्हणायचा, युद्ध ही मरणाची जागा आहे आणि हा पोरगा त्याबद्दल फार सहज बोलतो. नेमणूक झाल्यावर आईनं राजाला लिहिलं की याला पाठवू नका. कारण काय दिलं, बघा. ती म्हणाली, याचा बाप सेनापती असताना स्वतःच्या हातानं कितीतरी माणसांना जेवायला वाढायचा, राजाकडून आलेलं इनाम सगळं हाताखालच्यांना वाटून टाकायचा, आणि हुकूम मिळाल्या दिवसापासून घरचा विषय काढायचा नाही. हा पहिल्या दिवसापासून पूर्वेला तोंड करून दरबार भरवतो, एकही अधिकारी मान वर करून बघू शकत नाही. मिळालेलं सोनं-रेशीम घरात ठेवतो आणि विकत घ्यायला जमिनी बघत फिरतो.

राजानं ऐकलं नाही. चाओ ख्वो भिंतीबाहेर पडला. समोर छिननं गुपचूप बाय छी हा आपला सर्वांत कसलेला सेनापती आणून ठेवला होता. चाओची फौज कापली गेली, शेहेचाळीस दिवस दाणा नाही. शेवटी चाओ ख्वो बाणांनी मारला गेला, आणि शरण आलेल्यांना बाय छीनं ठार केलं. सिमा छ्येन चार लाखांचा आकडा देतो, आजचे अभ्यासक तो फुगवलेला मानतात.

मला सगळ्यात थोर त्या बाईचं वाटतं. तिनं मुलाच्या डावपेचांवर अवाक्षर काढलं नाही. तो जेवायला कुणाला वाढतो, एवढंच पाहिलं.

मीनाक्षी_ताई | शुक्रवार, दुपारी ३:१५

अंगावर काटा आला. आई होती, तरी लिहिलं तिनं.

रानवाट | शुक्रवार, रात्री ८:४०

गोदाकाठ, वेगळा धागा काढतो. पण एक शंका इथलीच. 'परतीचे दोर कापा' हा डाव तर सुन त्झूत आहे ना? धाकट्या मालकांना तोच करायचा असेल, तोटा अंगावर घेऊन मागे फिरायचा रस्ताच बंद करायचा.

गोदाकाठ | शुक्रवार, रात्री १०:१०

चांगली शंका. अकराव्या प्रकरणात आहे: मरणाच्या जागी टाका म्हणजे ते जगतील. या एका ओळीवर दोन सेनापती उभे राहिले आणि दोघांचं काय झालं ते बघण्यासारखं आहे.

इ.स.पू. २०४ मध्ये चिंगशिंगला हान शिननं दहा हजार माणसं नदीला पाठ लावून उभी केली. शत्रू हसला. माणसं जिवावर उदार होऊन लढली, हान शिन जिंकला. नंतर अधिकाऱ्यांनी विचारलं, हे कुठल्या शास्त्रात? तो म्हणाला, शास्त्रातच आहे, तुमचं लक्ष गेलं नाही. माझी माणसं काही माझ्या हाताखाली तयार झालेली नव्हती, बाजारातून हाकत आणल्यासारखी होती, मोकळी जागा दिली असती तर पळाली असती. पण त्यानं आणखी एक केलं होतं, ते विसरू नका. दोन हजार स्वार लाल झेंडे देऊन आधीच डोंगराआड लपवले होते. शत्रूची छावणी रिकामी होताच त्यांनी आत शिरून झेंडे रोवले. शत्रूनं मागे वळून आपल्या छावणीवर लाल झेंडे पाहिले आणि त्याचा धीर सुटला.

आणि इ.स. २२८ मध्ये चिएथिंगला मा सू. युद्धशास्त्रावर बोलायची त्याला भारी हौस. तो पाणी सोडून डोंगरावर जाऊन बसला. शत्रूनं खालून पाणी तोडलं, फौज फुटली. पुढे 'तीन राज्यं' या जुन्या चिनी कादंबरीत त्याच्या तोंडी हीच 'मरणाच्या जागी टाका' ओळ घातलीय.

दोर कापताना डोंगराआड आपले दोन हजार स्वार आहेत का, हे विचारायचं. टर्निंगवाले, तुमच्या मालकांकडे सहा महिन्यांच्या तोट्यामागे काय लपवलेलं आहे?

टर्निंगवाला | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११:००

उशिरा येतोय, माफ करा. सगळे प्रतिसाद छापून मालकांच्या मुलाला दिले. आधी खट्टू झाला. वेढ्याचं पान आणि चाओ ख्वोच्या आईचं पत्र मात्र त्यानं दोनदा वाचलं.

सुभेदार काकांनी विचारलं होतं, सेटर कशावर रेलून उभे आहेत. मी दुसऱ्या पाळीत जाऊन बसलो. आमचा जुना सेटर जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, 'साहेब, चाकणचा बुश बघितलाय का तुम्ही?' मी नव्हता बघितला. आमच्या ऑफिसात कुणीच नव्हता बघितला, आम्ही नुसता त्याचा दर बघत होतो. याचा मेव्हणा गिऱ्हाइकाच्या असेंब्लीवर आहे, त्यानं सांगितलं होतं की आडव्या भोकाच्या आतल्या कडेला 'बर', म्हणजे धातूची बारीक टोकदार कड, राहतो, करंगळी घातली की बोचतो, पोरी प्रत्येक नग हातानं घासून मग बसवतात.

मग फिरतीवर यांनी सांगितलं तसं मी आणि धाकटे मालक गिऱ्हाइकाच्या स्टोअरमध्ये गेलो, स्वतःच्या नावानं, सांगून. पाव तासाचा तास झाला. तिथल्या स्टोअरकीपरनं आमचीही खरडपट्टी काढली. आमचे बुश गोणपाटात येतात, तेल लागलेले, मोजायला एक माणूस अर्धा दिवस. सहा वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलंच नव्हतं. रोखठोक यांची आठवण आली.

दर आम्ही तोडला नाही. बर काढून, धुऊन, शंभर-शंभरच्या ट्रेमध्ये मोजून द्यायचं कबूल केलं. ट्रेचा आणि धुण्याचा खर्च काढला, नगाला चाळीस पैसे आमचेच गेले. सरसाचा हिशेब लक्षात होता. निकाल असा: निम्मं काम जुन्या दरानं आमच्याकडे राहिलं, निम्मं चाकणला गेलं. सगळं राहिलं असतं तर बरं झालं असतं, पण दोन मशीन रिकामी झाली म्हणून बसलो नाही, त्यांच्यावर दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचं काम घेतोय. पाळी कुणाची तोडलेली नाही, हे मालकांकडून आधीच वदवून घेतलं होतं.

फळा पुसलाय. आता तिथे रोजचे ट्रे किती गेले ते लिहितो.

साताऱ्याचा_फौजी | रविवार, सकाळी ११:४०

उत्तम. त्या सेटरचं पुढे काय? त्याचं नाव मालकांच्या कानावर घातलंत ना?

टर्निंगवाला | रविवार, दुपारी १२:०५

घातलं काका. मंगळवारी गिऱ्हाइकाकडे ट्रे दाखवायला धाकटे मालक त्यालाच सोबत नेतायत. तो म्हणत होता, मला तिथे काय बोलायचं कळणार नाही. मी म्हटलं, करंगळी घालून दाखव, बाकी काही बोलू नकोस.